संकल्पातील ‘अमुक’

आपल्या मंदिराच्या सभासद-कुटुंबांपैकी असे एकही घर नसेल, की ज्या घरी वर्षाकाठी एकदा तरी संकल्पाचे उदक सोडले जात नाही. गणेशचतुर्थी असो, सत्यनारायण असो, श्रावणातील लघुरुद्र असो अथवा वास्तुशांत असो. आचमन व प्राणायाम झाले की यजमान उजव्या हातात अक्षता आणि पाणी घेतो, गुरुजी एका दमात बरेच काही म्हणतात, यजमानाकडून ‘करिष्ये’ म्हणवून घेतात आणि पाणी ताम्हनात पडते. हा सारा विधी दोन-तीन मिनिटांत आटोपतो. पुष्कळांच्या समजुतीने खरी पूजा त्यानंतर सुरू होते. संकल्प म्हणजे तिच्या आधीची एक औपचारिक बाब, अर्जावरील नाव-पत्त्याच्या रकान्यांसारखी.

मीही गतवर्षापर्यंत असेच समजत होतो. मी काही शास्त्री नव्हे. बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण आणि घरी वडिलांपाशी घेतलेली थोडीबहुत संथा, एवढीच माझी पुंजी. परंतु गेल्या वर्षी दोन प्रसंग असे घडले, की त्या दोन-तीन मिनिटांकडे मला पुन्हा वळून पाहावे लागले. आपण आपले आयुष्य जाणून जगतो, की ते आपोआप जगले जाते, हा प्रश्न विचारी माणसाला केव्हा ना केव्हा पडतोच. त्याचे उत्तर मोठमोठ्या ग्रंथांत असेलही. मला मात्र त्याची वाट या लहानशा विधीत दिसली. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिला प्रसंग एका वास्तुशांतीचा. यजमान माझ्याच वयाचे, शिकलेले, नोकरीत स्थिरावलेले. संकल्प झाल्यावर ते हसून म्हणाले, “गुरुजी, रागावू नका. शब्द तुमचे, भाषा मला येत नाही, मुहूर्त तुम्ही काढलेला, आणि ‘मी करीन’ असे मात्र मी म्हणायचे! हा संकल्प माझा, की तुमचा?” मी श्रद्धेविषयी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु घरी परतताना तो प्रश्न पायांत काट्यासारखा रुतला. कारण तो प्रश्न त्यांच्यापेक्षा मलाच अधिक लागू होता. बारावीची परीक्षा झाल्यावर पुढे काय करावे हे ठरेना, म्हणून ‘तूर्त’ मी वडिलांबरोबर पूजेला जाऊ लागलो. त्या ‘तूर्त’ला आता सहा वर्षे होत आली होती. धोतर वडिलांचे, मंत्र पूर्वजांचे, घरे वडिलांनी जोडलेली. यात माझे असे काय होते?

दुसरा प्रसंग त्यानंतर महिना-दीड महिन्याने घडला. एका वृद्ध आजींच्या घरी महामृत्युंजयाचा जप होता. वडिलांना ताप असल्यामुळे मी एकटाच गेलो. आदल्या दिवशी दुसऱ्या एका घरी मीच संकल्प सांगितला होता. जीभ त्याच वळणाने चालत राहिली, मन भलतीकडेच होते, आणि मी सौम्यवासर, म्हणजे बुधवार, असे म्हणून गेलो. आजींनी हातातले पाणी सोडले नाही. त्या हळूच म्हणाल्या, “अरे बाळ, आज गुरुवार ना? कालचा वार नको घेऊस. आज त्याचं ऑपरेशन आहे.” त्यांच्या नातवाच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्याच सकाळी मुंबईच्या एका रुग्णालयात व्हावयाची होती. आजींना प्रवास झेपत नव्हता. तीन आठवडे त्या त्या एका गुरुवारचे दिवस बोटांवर मोजीत होत्या. आणि मी त्यांच्या तोंडी कालचा दिवस घातला होता! माझी मान खाली गेली. पंचांग उघडून, तिथी-वार-नक्षत्र पाहून, मी संकल्प पहिल्यापासून पुन्हा सांगितला.

घरी येऊन वडिलांना सर्व सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “पोथी आण.” पूजेच्या छापील पोथीत ज्या ज्या ठिकाणी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांची नावे यावयाची, तेथे ‘अमुक’ हा शब्द छापलेला असतो. गोत्र अमुक, नाव अमुक, कामना अमुक. वडील म्हणाले, “छापणाऱ्याला एवढेच ठाऊक असते, की कोणीतरी, कोठेतरी, केव्हातरी पूजा करणार. म्हणून तो ‘अमुक’ छापतो. त्या जागी खरे ते घालणे हे आपले काम. तू आज आजींकडे पहिल्यांदा ‘अमुक’च म्हणालास, फक्त त्याला बुधवार असे नाव दिलेस.”

त्या दिवसापासून मी हा ‘अमुक’ निरखून पाहू लागलो, आणि मला वाटू लागले की आपले पुष्कळसे आयुष्य याच शब्दाने भरलेले असते. अमुक दिवशी सुरुवात करीन, अमुक स्थिती आली म्हणजे शिकेन, अमुक झाल्यावर आईवडिलांपाशी चार घटका बसेन. वाक्य पूर्ण असते. फक्त त्यात जागा, दिवस आणि माणूस नसतो.

संकल्पाचा क्रम पाहण्यासारखा आहे. ‘मी अमुक करीन’ हे त्यात सर्वांत शेवटी येते. त्याआधी देश आणि काल यांचा उच्चार. ब्रह्मदेवाच्या परार्धापासून आरंभ करून कल्प, मन्वंतर, युग असे उतरत उतरत आपण आजच्या वारापर्यंत येतो. जंबुद्वीपापासून निघून भरतखंडातून एखाद्या नदीच्या तीरापर्यंत येतो. एवढ्या अफाट काळात आणि एवढ्या विस्तीर्ण पृथ्वीवर मी नेमका कोठे उभा आहे, हे आधी सांगितल्याशिवाय शास्त्र मला ‘करीन’ असे म्हणू देत नाही.

येथे आपणा इंदूरकरांची एक गंमत आहे. पुण्याकडील पोथ्यांत गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख असतो. तेथील लोकांना तो योग्यच. परंतु आपले इंदूर तर नर्मदेच्याही उत्तरेस! आपल्या घरची पोथी पुण्याहून आलेली असेल आणि आपण ती तशीच वाचली, तर देवापुढे बसून आपण पहिल्याच वाक्यात आपला पत्ता चुकीचा सांगतो. म्हणून जाणते पुरोहित येथे रेवेचा, म्हणजे नर्मदेचा, उत्तर तीर म्हणतात. संवत्सराच्या नावाचेही तसेच. साठ संवत्सरांचे चक्र दोन्हीकडे एकच. पण नर्मदेच्या दक्षिणेस ती नावे क्रमाने वर्षामागून वर्ष घेतात, तर उत्तरेस ती गुरूच्या मध्यम गतीवरून घेतात. गुरू एका राशीत सुमारे ३६१ दिवस असतो, म्हणून कालांतराने उत्तरेकडील गणनेत एखादे नाव गळते आणि दोन्हीकडची नावे निराळी पडतात. शके १९४७ ला दक्षिणेकडे विश्वावसू म्हणत. उत्तरेच्या गणनेने त्याचे नाव निराळे होते. महिन्यांचेही पाहा. कृष्णजन्म आपल्या पंचांगात श्रावण वद्य अष्टमीला, तर शेजारच्या हिंदी भाषिक घरी भाद्रपद कृष्ण अष्टमीला. दिवस तोच, रात्र तीच. अमान्त आणि पूर्णिमान्त गणनेमुळे महिन्याचे नाव मात्र वेगळे.

कोणते नाव घ्यावे, हा वाद मी येथे उपस्थित करीत नाही. प्रत्येक घराची परंपरा असते. माझे म्हणणे एवढेच, की आपण कोठे राहतो याचा विचार केल्यावाचून येथे संकल्प नीट म्हणताच येत नाही. आणि जे संकल्पाचे तेच आयुष्याचे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे पाय राजवाड्यापाशी असतात आणि मन शनिवार पेठेत. कोणाचे मन मुलाबरोबर परदेशी गेलेले असते. काहींचा देश बरोबर असतो, पण काल चुकतो. इंदूर संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले. पण काही घरांतील गप्पा ऐकल्या तर ते अद्याप विलीन झालेले नाही! याउलट, तरुणांचा काल नेहमी पुढे असतो: नोकरी लागली की, घर झाले की, हप्ते फिटले की. वडीलधारे कालच्या वारात आणि आम्ही उद्याच्या. मग आजच्या गुरुवारी हातावर पाणी घेऊन बसावयाचे कोणी?

देश-कालानंतर गोत्र आणि नाव येते. गोत्र आपण निवडलेले नसते. नावही इतरांनीच ठेवलेले असते. आजकाल असे ऐकू येते, की जे आपण स्वतः निवडले तेवढेच आपले. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु या कसोटीवर आपली मातृभाषाही आपली ठरणार नाही आणि आईही ठरणार नाही. संकल्पात न निवडलेल्या गोष्टी आधी मान्य कराव्या लागतात आणि निवड सर्वांत शेवटी येते. मला हा क्रम खरा वाटतो. जो आपले गोत्र आणि आपले गाव नाकारीत बसतो, त्याची सारी शक्ती नाकारण्यातच खर्च होते. आणि जो केवळ गोत्र सांगून थांबतो, त्याचा संकल्प ‘करिष्ये’पर्यंत पोहोचतच नाही. मी स्वतः सहा वर्षे या दोन चुकांच्या मधोमध उभा होतो.

शेवटी कर्म. कामनांची यादी संकल्पात लांबलचक असते: आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य आणि कितीतरी. पण त्या यादीच्या शेवटी जे करावयाचे म्हणून सांगितले जाते ते एकच, आजचे आणि हातातले: हे पूजन मी करीन. आणि तेही कसे? ‘यथाज्ञानेन’, म्हणजे मला जेवढे ज्ञान आहे तेवढ्याने. आणि ‘यथामिलित’ उपचारांनी, म्हणजे जे साहित्य जमले आहे त्याने. सर्व साहित्य जमेपर्यंत थांबेन, असे कोणताही संकल्प म्हणत नाही. त्या गुरुवारी आजींच्या घरी बेलाची पाने मिळाली नव्हती. अशा वेळी त्याऐवजी अक्षता वाहण्याची मोकळीक शास्त्रानेच दिलेली आहे. आम्ही अक्षता वाहिल्या. आजी मुंबईस जाऊ शकत नव्हत्या, नातवाच्या उशाशी बसू शकत नव्हत्या. त्या दिवशी, त्या जागी, त्यांना जे करता येण्याजोगे होते ते त्यांनी पूर्ण मन लावून केले. नातू पुढे बरा झाला. त्यावरून पूजेचे फळ सिद्ध करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तो बरा झाला नसता तरी आजींचा तो गुरुवार वाया गेला असे मी म्हटले नसते.

आता त्या तरुण यजमानांच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याने सांगितलेला संकल्प आपला होतो काय? याचे एक उत्तर वडिलांनी मला व्याकरणातून दाखविले. संस्कृतात ‘करीन’ या अर्थी दोन रूपे आहेत: ‘करिष्यामि’ आणि ‘करिष्ये’. क्रियेचे फळ करणाऱ्याला स्वतःला मिळावयाचे असेल तर ‘करिष्ये’, दुसऱ्यासाठी करावयाचे असेल तर ‘करिष्यामि’, असा पाणिनीचा दंडक आहे. म्हणूनच यज्ञ करणाऱ्या यजमानासाठी ‘यजते’ आणि त्याच्या वतीने तो करणाऱ्या ऋत्विजासाठी ‘यजति’ अशी रूपे योजतात. याचा अर्थ असा, की यजमान ‘करिष्ये’ म्हणतो तेव्हा तो गुरुजींचे शब्द केवळ परत म्हणत नाही; हे माझे आहे, अशी कबुली तो त्या एका अक्षराच्या फरकाने देत असतो.

व्याकरणाहूनही साधे उत्तर प्रत्येक पूजेत आपल्या समोरच असते. संकल्प सांगताना गुरुजी कितीही वेगाने म्हणत असोत, एका ठिकाणी त्यांना थांबावेच लागते. ते विचारतात, “गोत्र कोणते? नाव काय?” बाकीचे सर्व त्यांना पाठ असते, एवढेच नसते. शब्द आम्ही पुरवू शकतो, पण ‘अमुक’च्या जागी काय यावे हे यजमानालाच विचारावे लागते. त्या यजमानांना आज मी हे सांगेन, की वाक्य जुने आणि दुसऱ्यांनी रचलेले आहे यात संशय नाही. परंतु त्यातील रिकामी जागा तुमच्यावाचून कोणी भरू शकत नाही, आणि संकल्पाचा जीव त्या जागेत आहे.

न निवडलेल्या जागी उभे राहून आयुष्य कसे जाणून जगावे, याचे उदाहरण आपणास दूर शोधावयास नको. चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेली मुलगी होळकरांच्या घरी सून म्हणून आली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव गेला. यांपैकी एकही गोष्ट अहिल्याबाईंनी निवडलेली नव्हती. परंतु त्यानंतर १७९५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, महेश्वरी नर्मदेच्या उत्तर तीरावर राहून त्यांनी जे राज्य चालविले, ते त्यांनी मनोमन पत्करलेले होते. काशीविश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: त्यांच्या राज्याच्या आज्ञा श्रीशंकराच्या नावाने निघत. स्वतः रात्रंदिवस राबून त्यांनी कारभार केला, आणि तो आपला नव्हे असेही ठरविले. पूजेच्या आरंभी ‘मम’ म्हणून उदक घ्यावयाचे आणि शेवटी ‘न मम’ म्हणून तेच उदक सोडावयाचे, हे आपण दोन तासांत करतो. त्यांनी ते अठ्ठावीस वर्षे केले.

येथे एक शंका येईल. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर सर्व संकल्पांचा संन्यास करणाऱ्याची थोरवी सांगितली आहे. मग संकल्पाचे एवढे कौतुक कशाला? ही शंका मलाही पुष्कळ दिवस छळीत होती. मला वाटते, तेथे संकल्प म्हणजे फळाची मनात चालणारी मांडणी: हे मिळेल, मग ते मिळेल, मग लोक असे म्हणतील. कर्म टाकावयाचे नसून फळाची आसक्ती टाकावयाची आहे, हा अर्थ लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त विस्ताराने मांडला आहे. आपल्या मराठी बोलीनेही हे नकळत ओळखले आहे. एखाद्या गोष्टीवरील हक्क सोडून देणे याला आपण तिच्यावर ‘पाणी सोडणे’ म्हणतो. पूजा ज्या पाण्याने सुरू होते, त्याच पाण्याने हक्कही सुटतो. कर्म हाती घ्यावे, आणि त्याच हाताने फळ सोडावे. ज्याने काहीच हाती घेतले नाही, तो सोडणार तरी काय?

एवढे सर्व लिहिल्यावर वाचक विचारतील, की मग तुझ्या ‘तूर्त’चे काय झाले? खरे सांगावयाचे तर जन्मभर पौरोहित्यच करीन की नाही, हे मला आज ठाऊक नाही. आणि ते ठाऊक असल्याचे ढोंग मी देवाच्या दारातल्या या पत्रिकेत करणार नाही. परंतु दोन गोष्टी मी ठरविल्या आणि आजवर पाळल्या आहेत. पहिली, या वर्षात याज्ञिकीचा राहिलेला भाग आणि पंचांगाचे गणित वडिलांपाशी नीट शिकावयाचे. दुसरी, रोज सकाळी स्नान झाल्यावर पळीभर पाणी हातावर घेऊन साध्या मराठीत म्हणावयाचे: मी कोठे आहे, आज कोणता वार आहे, मी कोणाचा कोण आहे, आणि आज मावळण्यापूर्वी हातात असलेल्या साधनांनी मी कोणते एक काम करीन. ते काम बहुधा फार लहान असते. कधी वडिलांचे औषध आणणे, कधी दहा मंत्रांची संथा, कधी एखाद्याची क्षमा मागणे. काही दिवशी ते घडत नाही. मग दुसऱ्या दिवशी तसे कबूल करून पुन्हा पाणी घेतो. या काही महिन्यांत माझ्या परिस्थितीत तिळमात्र बदल झालेला नाही. परंतु पूर्वी दिवस माझ्यावरून निघून जात, ते आता माझ्यापाशी थोडा वेळ थांबतात असे वाटते.

पुढच्या वेळी आपल्या घरी पूजा असेल आणि गुरुजी थांबून गोत्र व नाव विचारतील, तेव्हा घाईने उत्तर देऊ नये, अशी माझी सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे. आज वार कोणता, आपण कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, आणि आपल्याला खरोखर काय करावयाचे आहे, हे एकदा मनाशी म्हणावे आणि मगच उदक सोडावे. गुरुजींनी वार चुकविला असेल, तर त्या आजींप्रमाणे त्यांना अवश्य थांबवावे. खरा पुरोहित त्याबद्दल रागावणार नाही. निदान एक तरी रागावला नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.